प्रतीक्षाचं फिजिक्स

नाशिकजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी समुपदेशक आहे. अशा नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते चार्जरची वायर हातात घेऊन आपणच चालत येतात! यातले बरेचसे प्रतीक्षाचे. तिला विचारलं, सांगू का? म्हणाली, "नावासकट सांगा मॅडम, घाबरते का मी!"

*

दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी होती तोवर कुणी फिरकेना. आत गेलं की 'येडं' म्हणून शिक्का! मग मी एक्स्टेंशन बोर्ड आणला आणि नवी पाटी लावली, 'मोबाईल चार्ज करून मिळेल'. झुंबड उडाली. बॅटरी भरेपर्यंत मूल बसतं, आणि बसलं की बोलतं.

उपप्राचार्य तापले. "मॅडम, कॉलेजची वीज काय फुकट आहे?"

"नाही सर. पण पोरं रडायला बाथरूममध्ये जातात, तिथंही दिवा जळतोच की!"

बोर्ड राहिला.

*

प्रतीक्षा निफाडकडची, घरची द्राक्षबाग. बारावीला फिजिक्स राहिलं, जुलैच्या फेरपरीक्षेत पुन्हा राहिलं. माझ्याकडे आली तेव्हा मोबाईल फुल चार्ज होता! तरी वायर लावून तासभर बसली. शेवटी म्हणाली, "काका म्हणतात, बास झालं शिक्षण, आता स्थळं बघू. मला नर्सिंग करायचंय मॅडम."

म्हणजे फिजिक्स सुटलं तर नर्सिंग, नाही तर मांडव. मधलं काही नाहीच.

*

फिजिक्स शिकवायचे उपप्राचार्यच. त्यांच्याकडे गेले. "तिच्यात दम नाही," ते म्हणाले. "उगाच आशा लावू नका तिला."

मला राग आला. अजूनही येतो.

"सर, आशा लावायचाच पगार घेते मी!"

शिकवायला मग मागच्या बॅचची दोन मुलं रोज यायला लागली. माझ्या खोलीत फळा टांगला, डस्टर मात्र उपप्राचार्यांच्या वर्गातून पळवलं.

*

परीक्षा फेब्रुवारीत, आणि द्राक्षांची काढणीही तेव्हाच. मजूर मिळत नाहीत, मग घरच्या पोरी क्रेट भरतात. मी तिच्या वडिलांना, अण्णांना, बोलावून घेतलं. शिक्षणाचं महत्त्व वगैरे मोठं भाषण तयार ठेवलं होतं.

अण्णांनी ते सुरूच होऊ दिलं नाही. "मॅडम, तिला बागेत पाय टाकू देत नाय मी. परवा कात्री घेऊन चोरून आलती, हाकलली!"

भाषण गिळलं आणि चहा मागवला.

*

पेपरच्या आदल्या दिवशी प्रतीक्षा आली. म्हणाली, "सगळं विसरले!" मी ट्रेनिंगमध्ये शिकलेलं सगळं सुरू केलं, "डोळे मीट, दीर्घ श्वास घे, सोड, पुन्हा घे..."

तिने एक डोळा उघडला. "मॅडम, श्वास घेऊन झाला. आता न्यूमेरिकल द्या!"

*

मे महिन्यात निकाल लागला. फिजिक्समध्ये पस्तीस. पास!

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर टॉपर मुलांचे फ्लेक्स होते. आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याहून मोठा, आणखी एक. मधोमध गॉगल लावलेली प्रतीक्षा. 'फिजिक्समध्ये पस्तीस गुण मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुकांत पहिला फोटो काकांचा. अण्णा शिडीवर चढून दोरी आवळत होते.

उपप्राचार्य गाडीतून उतरले. "अहो, इथे टॉपरचे फ्लेक्स लावतात! पस्तीसचा कुणी लावतं का?"

अण्णांनी आधी गाठ मारली. मग खाली बघितलं.

"सर, तुमचे टॉपर एकदाच बसले परीक्षेला. माझी तीनदा बसली!"