सानगडीच्या लोकांनी पाहिलेला शेवट

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात बायकांनी. मी घेते. चंद्रभान. सानगडीत कापडाचं दुकान आहे आमचं, हातमागाचे पंचे, लुगडी, चादरी. लग्न झालं तेव्हापासून पाहून राहिली, या माणसानं एक वस्तू संशय घेतल्याबिगर घरात येऊ देल्ली नाही. दूध आलं की बोटावर थेंब घेऊन पाहतीन. कोणी मिठाई आणली तं डब्बा उलटा करून आधी तारीख वाचतीन. लाइटचं बिल कमी आलं तरी याहिले शंका, का बाप्पा, पुढच्या महिन्यात काय डाव आहे याहिचा?

दुकानात हे चालते, मी नाही कायले म्हणू! यंत्रावरचा पंचा कोणी हातमागाचा म्हणून खपवाले आला तं चंद्रभान दोन बोटांत कापड धरतात, उजेडाकडे करतात अन् सांगतात, "हा पाय, इथं जोड आहे, इथं नाही." तुटलेल्या धाग्याची गाठ त्याहिले दुरून दिसते. पण दुकानातली नजर दुकानात ठेवावं नं माणसानं! ह्याहिनं ते नजर एका पिक्चरवर लावली, अन् त्यात माहं माहेर गेलं. हाव, पिक्चरपायी. लोकांचं माहेर वाटणीपायी तुटते, मानापानापायी तुटते. माहं एका इंग्रजी पिक्चरच्या शेवटापायी तुटलं. तुम्हाले हसू येईन. मले येत नाही.

आता सांगते कसं झालं ते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं-पाळणे, रात्री दंडार, म्हंजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, नाही तं नाटक. चंद्रभान पोरगे होते, व्हिडिओ नवानवा आला होता, त्या सालची गोष्ट. नाटकवाल्याहिनं ऐन वेळी दगा देल्ला, म्हणून गावच्या पंचाहिनं टीव्ही अन् व्हीसीआर भाड्यानं आणला. फित लावली तं निघाली इंग्रजी! गावात इंग्रजी कोणाले येते? मंग डोमा नावाचा दंडारीतला नट माइक धरून टीव्हीच्या बाजूले उभा राहिला अन् जे दिसन ते आपल्या बोलीत समजावून सांगू लागला. इंग्रजी डोम्यालेही येत नव्हतं, पण दंडारीवाल्याचं तोंड कधी अडते का?

पिक्चर असा का, दूर आभाळात एक जग, त्याले तीन चंद्र. तिथलं पाणी आटते. एक बहीण, एक भाऊ. भाऊ यानात बसून पाणी शोधाले जाते, बहीण दारात उभी राहून वाट पाहते. जगात म्हणे फार नावाजलेला पिक्चर आहे. आमच्या गावात त्याले "तीन चंदाचा" म्हणतात, अन् त्या रात्री जे जे समोर बसले होते ते अजून त्याचेच गोडवे गातात. एका साली गणपतीच्या देखाव्यात तीन चंद्र टांगले होते, आता बोला!

शेवट मी शंभरदा आयकला असन. भाऊ वापस येते. यान धानाच्या बांधीत, भाताच्या वावरात उतरते, चिखल उडते, अन् तो दाराशी येऊन म्हणते, "दार उघड, मी आलो." चंद्रभान हे सांगतात तं त्याहिचे डोळे भरून येतात. मी एकदा विचारलं, "अवो, इंग्रजाच्या देशात धानाची बांधी कुठून आली?" तं माह्यावरच तडकले. म्हणे, "मी या डोळ्यानं पाह्यलं. तू होती का तिथं?"

मी नव्हती. मी सिहोऱ्याची, तिकडं तुमसर तालुक्यातली. तिथं माहा लहाना भाऊ राहते, भैयाजी. लग्नाची शूटिंग करते. आधी शूटिंग करते, मंग कॉम्पुटरवर बसून काटछाट करते, गाणे टाकते. सात वर्षं झाली, भाऊबीजेले मले न्यायले आला तं जवायाले खुश करावं म्हणून पेनड्राइव्हमध्ये तोच तीन चंदाचा घेऊन आला. म्हणे, "भाऊजी, ज्यानं बनवला त्यानंच पुन्हा कापून-जोडून नवीन काढला, लोक लय भांडून राहिले त्याच्यावर." चंद्रभाननं अर्धा मोहल्ला बोलावला. मेडिकलवाला कमलेश खुर्ची घेऊन पुढं बसला. तोही त्या रात्रीच्या मंडईतलाच. मी वडे-सुवारी तळत एक डोळा टीव्हीवर ठेवला होता.

सुरुवातीपासूनच कुरबुर. "चंद्र लाल कायले केले? पांढरे होते." "यानाचा आवाज बदलवला." "बहिणीचं लुगडं हिरवं होतं." इंग्रजीण लुगडं नेसते का रे बाबा? पण कोणाले बोलता! अन् शेवटी ते बहीण दारात उभी, वर तीन लाल चंद्र, अन् खतम. यान नाही, भाऊ नाही, काहीच नाही.

"शेवट कुठं आहे?" चंद्रभान म्हणाले.

"हाच शेवट, भाऊजी."

"मागं घे." भैयाजीनं मागं घेतलं. चंद्रभान टीव्हीले नाक लावून उभे. "हा पाय जोड! इथं कापला. तूच कापला तू. माही मजा कराले."

भैयाजी आधी हसला. त्याले वाटलं गंमत करून राहिले. मंग कमलेश म्हणते, "काटछाटच तं धंदा आहे बाप्पा याचा." अन् चंद्रभाननं जुनं उकरलं, "आमच्या पुतणीच्या लग्नात मोठ्या वहिनीचा नाच कापला होता यानं!"

"तो नाच वहिनीनंच कापाले लावला होता," भैयाजी म्हणाला. "भाऊजी, मी लोकाहिचे लग्न कापतो. याले मी कायले हात लावू?"

"चोर कधी म्हणते का मी चोर?"

भाऊबीजेच्या ताटावरून उठला हो माहा भाऊ. अर्धी सुवारी ताटात. मी चौकटीत आडवी झाली, म्हटलं, "अरे, बयाड आहे तो माणूस, येडा, सोड!" तं म्हणते, "ताई, मले चोर म्हटलं चारचौघांत." मले न्यायले आला होता अन् मले न घेता गेला. मी एकटी जाईन म्हटलं तं त्यानं निरोप धाडला, भाऊजी सोता बोलतीन तेव्हाच ये, नाही तं तुह्या पिशवीतही काय कापून आणलं ते पाहतीन ते. माहा फोन उचलेना. भावजय उचले, "बरं आहे" म्हणे अन् ठेवून दे. इकडं याहिले म्हणावं तं हे म्हणत, "गुन्हा त्यानं केला, फोन मी काहून करू?" दोन रेड्यांच्या टकरीत झुडूप मोडते तशी मी मधात. सात भाऊबीजा मी भिंतीले ओवाळलं असन, कोणाले सांगू!

मंग या वर्षी भूषणचा, माह्या पोराचा, पुण्यावरून फोन. म्हणे, "बाबुजी, तीन चंदाचा आणखीन नवीन निघाला. पहिल्यावेळी जे जे काढून ठेवलं होतं ते सगळं पुन्हा आत घातलं, साफ करून." चंद्रभान दोन दिवस जेवले नाही धड. मोबाइलवर गावच्या तीन-चंदवाल्याहिचा ग्रुप आहे, त्याच्यात एकच गलका: "आता सापडते चोर!" भूषणनं पिक्चर धाडला तं कमलेशनं आपल्या दुकानावरच्या खोलीत पडदा लावला, दुपारीच खिडक्याहिले पोते बांधले. मीही गेली. मले पिक्चरचं काय, मले इतकंच पाहाचं होतं का माह्या भावावरचा आळ उतरते का.

लांबच लांब पिक्चर. यानातलं भांडण वाढवलं होतं, म्हाताऱ्याचं एक सपन टाकलं होतं. शेवटाले सगळे श्वास धरून. बहीण दारात. तीन चंद्र, पांढरे. अन् खतम.

मंग जे सुरू झालं! "कंपनीनं कापला." "सरकारनं कापला असन, त्या बांधीवरून काही वाद असन." एकानं तं भूषणवरच घेतलं, का पुण्याच्या पोराले कमी दाखवाची कॉपी देल्ली. मी उठली. म्हटलं, "थांबा सगळे. हा तं भैयाजीनं नाही आणला नं? मंग भैयाजीनं काय कापलं होतं ते सांगा मले."

 कमलेश पडदा गुंडाळू लागला.

मी तिथूनच भूषणले फोन लावला. "जगात लोक काय म्हणून राहिले रे?" तो म्हणे, "आई, लय मारामारी आहे. कोणी म्हणते जुनाच बरा, कोणी म्हणते लाल चंद्रांचा बरा, कोणी म्हणते म्हाताऱ्याचं सपन टाकून वाट लावली. पण भाऊ वापस येते, असं जगात कोणीच म्हणत नाही. फक्त सानगडीचेच लोक म्हणतात."

आता मले संशय आला. एका माणसाचा भ्रम असू शकते, गावच्या गावाले एकच भ्रम कसा होईन? म्हटलं, त्या रात्री बोलणारा तं एकच होता. डोमा आता नाकाडोंगरीले पोरीकडं राहते, जंगलाच्या कडेले. मी चंद्रभानले म्हटलं, "चला. नाही आले तं मी एकटी जाते, अन् वापस येईन का नाही ते मले माहीत नाही." आले मुकाट.

डोमा अंगणात बाजीवर बसून होता. दात गेले, पण आवाज तसाच खणखणीत. चंद्रभाननं पाण्याचीही वाट पाह्यली नाही, आधी विचारलं, "डोमाभाऊ, खरं सांगा, भाऊ वापस आला होता का नाही?"

"आला नं," डोमा म्हणाला. चंद्रभाननं माह्याकडं असं पाह्यलं का जसा खटला जिंकले. तेवढ्यात डोमा म्हणते, "मीच आणला त्याले."

"म्हंजे?"

"फितच संपली होती नं बाबू. पिक्चर मोठा अन् फित लहान. पडद्यावर नुसत्या मुंग्या. लोक उठून राहिले, कोणी म्हणे पैसे वापस द्या. मी म्हटलं बसा, यान वापस येऊन राहिलं! पंचानं टीव्ही बंद केला, मी अंधारात सांगत गेलो. बांधीत उतरवलं, चिखल उडवला, दारात उभा केला." तो हसला. "पुढं सगळ्या माहेरवासिनी बसल्या होत्या. भाऊबीजेले आलेल्या, सकाळी सासरी जाणाऱ्या. त्याहिच्यासमोर त्या बहिणीले दारातच उभी ठेवून घरी पाठवू का मी? मले कोणी मारलं असतं."

मी हसली, खरंच हसली. चंद्रभान हसले नाही. मले म्हणतात, अन् त्याच्या समोरच, "याले कोणी पढवलं असन. भैयाजीचं गाव इथून जवळच आहे."

तेव्हा माहं डोकं सटकलं. म्हटलं, "अहो, लाज नाही वाटत तुम्हाले? नसलेला भाऊ तुम्ही चाळीस वर्षं आभाळातून उतरवून राहिले, त्याच्यासाठी रडून राहिले! माहा जित्ता भाऊ, हाडामासाचा, याच तालुक्यात बसून आहे अन् त्याले तुम्ही माह्या दाराशी येऊ देल्लं नाही. कापला, कापला करता. कोणी कापलं? तुम्ही कापलं, चंद्रभान. माहं कापलं तुम्ही."

डोम्याची पोरगी पाणी घेऊन आली होती ते तशीच वापस फिरली.  चंद्रभाननं खिशातून मोबाइल काढला. ते नेहमी स्पीकर लावूनच बोलतात, समोरचा काय बोलला त्याची चार लोकाहिले साक्ष राहावी म्हणून. तसाच लावला. घंटी गेली. मले वाटलं नाही उचलाचा तो.

उचलला. "हालो."

"मी... चंद्रभान बोलतो."

 मंग भैयाजीचा आवाज, एकदम बारीक, "ताई गेली का?"

चंद्रभाननं फोनाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"केव्हा गेली? मी निंगतो भाऊजी, आत्ता निंगतो. मी येतपर्यंत उचलू नका तिले. पाया पडतो तुमच्या, मले तिचं तोंड पाहू द्या." अन् ढसढसा रडू लागला.

बरोबरच आहे त्याचं. सात वर्षांत आपण होऊन कधी फोन न करणारा माणूस आणखीन कोण्या कामासाठी करीन?  मी चंद्रभानच्या हातातून फोन ओढून घेतला. म्हटलं, "भैयाजी, अरे, जित्ती आहो मी. मीच बोलून राहिली."

तो रडता रडता थांबला. म्हणते, "तुम्ही कोण बोलता? ताईचा आवाज असा नाही."

सात वर्षं हो. माहा आवाज ओळखू येईना माह्या भावाले. मी "मीच आहो रे, करुणा" म्हणाले गेली अन् मलेच रडू फुटलं, अंगणात, लोकाच्या घरी, भोकाड पसरून. तेव्हा त्यानं ओळखलं.