सपाटीवर अडणारी गाडी

काकी हॉर्न वाजवत नसत. त्यांच्या पांढऱ्या अँबॅसिडरला हॉर्न होता, चांगला खणखणीत होता. पण त्या खिडकीतून मान बाहेर काढून माणसाला नावानेच हाक मारत. "सदू, बाजूक हो रे!" "गो शेवंता, टोपली सांभाळ!" तोंडवली ते मालवण या रस्त्यावर नाव ठाऊक नसलेलं माणूस त्यांना क्वचितच भेटे. मधोमध उभे राहून फोटो काढणाऱ्या पर्यटकांसाठी एक ठरलेली हाक होती, "ओ पावण्यांनू, जरा कडेक जावा!"

गाडी त्यांच्या यजमानांची. ते ती भाड्याने चालवत. ते गेले तेव्हा मुलगा सुहास ती विकायच्या विचारानेच मुंबईहून आला होता. काकींनी तोवर स्टिअरिंगला हातही लावलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "विकूक काय, कधीय येता. आधी माका शिकव." त्या शिकल्या, आणि वाडीतल्या बाळंतिणीला किंवा तापलेल्या पोराला दवाखान्यात न्यायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. मी त्यांचा तोंडवलीतला शेजारी. मालवणात माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे सकाळी मीही बरेचदा त्यांच्याच गाडीतून जाई.

समजलं नाही हे सांगायची त्यांना लाज नव्हती. "माका कळाक नाय. परत सांग," असं त्या डॉक्टरलाही म्हणत आणि बँकेच्या साहेबालाही. परत सांगता सांगता सांगणाराच अडखळे. काकी शांतपणे थांबत.

जुन्या गाडीत ठिणगीची वेळ सांभाळणारा पॉइंट नावाचा एक लहानसा भाग असतो. खाऱ्या हवेत काकींचे पॉइंट सारखे खराब होत आणि त्या पॉलिशपेपर घेऊन ते घासत बसत. सुट्टीला आलेल्या सुहासला ते बघवेना. त्याने इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट ऑनलाइन मागवून पाठवला. मालवणच्या बाबल मेस्त्रीने पॉइंट काढून त्या जागी तो काळा, बंद डबीसारखा तुकडा बसवला. गाडी एका चावीत सुरू झाली. काकी खूश.

मग ती अडायला लागली. तीही उलटीच. चढावर झकास चढायची आणि सपाट रस्त्याला लागली की खोकायची, धक्के द्यायची, कधी बंदच पडायची. "चढणीर धावता आणि सपाटीर खोकता," काकी बाबलला म्हणाल्या. "ह्या कसा काय, माका सांग."

बाबलला सांगता येईना. त्याने प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून साफ केला. किटवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, बॅटरी तपासा. बॅटरी तपासली. प्रत्येक वेळी बाबल गाडी फिरवून आणी आणि म्हणे, "काकी, गाडी बरी आसा." मीही चालवून पाहिली. दुकान उघडायची घाई होती, दामटत नेली. एकदाही अडली नाही. काकी बसल्या की मात्र मालवणाबाहेरच्या कोळंबच्या पुलापर्यंतही धड जाईना.

सुहासने फोनवर निकाल दिला. "आई क्लचवर पाय ठेवून बसत असेल. वय झालं तिचं. परवा मला एकच गोष्ट दोनदा विचारली. गाडी विकून टाकू या."

"बघू," एवढंच मी म्हणालो. कारण मीही एक पाहिलं होतं. आदल्या आठवड्यात समोर आमचा सदू सायकल घेऊन उभा होता. काकींनी मान बाहेर काढली, तोंड उघडलं, आणि हाक आलीच नाही. तो आपणहून बाजूला होईपर्यंत त्या तशाच थांबल्या.

शेवटी काकीच बाबलच्या गॅरेजात मला म्हणाल्या, "तुमी दोघव गाडी पळवतात. माझ्यासारखी चालव बघूया."

मी त्यांच्यासारखी चालवली. टॉप गिअर, पाय हलका, कुणाला हाक मारायला वेळ मिळेल अशा बेताने. थोडं अंतर गेलो आणि गाडी खोकली! मागच्या सीटवरून बाबल ओरडला, "थांबव, थांबव!" माझ्या शेजारी बसलेल्या काकींनी पदराने चेहरा पुसला.

आता बाबलला धागा मिळाला. हलक्या पायाने चालवलं की इंजिन एका बारीक नळीतून हवा ओढतं आणि नवा तुकडा ज्या चकतीवर बसवला आहे ती किंचित फिरते. जोरात दाबलं, चढ आला, की ओढ कमी होते आणि चकती जागच्या जागी राहते. त्याने चकतीवरचं झाकण काढलं आणि नळीचं इंजिनकडचं टोक सोडवून काकींच्या हातात दिलं. "काकी, ह्या तोंडान ओढा." काकींनी शहाळ्याची नळी ओढावी तशी ती ओढली. चकती फिरली आणि बाबलच्या हातातला टेस्टरचा दिवा विझला. सोडली, दिवा लागला. किट चांगलाच होता. चकतीला जोडलेली जुनी अर्थिंगची तार वरून धड दिसत होती, पण किट बसवताना ओढली जाऊन आत तुटलेली. चकती फिरली की तुटकी टोकं एकमेकांपासून सुटायची. काकींनी पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. त्यांना हसू आवरेना.

मी लगेच सुहासला फोन केला. "दोष गाडीतच होता रे!" तो मग म्हणाला, "म्हणजे आई ठीक आहे ना?" मी हो म्हणालो.

नवी तार घातल्यावर गाडी सपाटीवरही सुरेख धावू लागली. त्याच आठवड्यात मालवणहून परतताना काकींनी तोंडवलीचा फाटा मागे टाकला आणि त्या सरळ आचऱ्याकडे निघाल्या. मला वाटलं, काही काम असेल. बऱ्याच पुढे त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत राहिल्या.

"खंय जाऊचा होता आपल्याक?"

"घराक, काकी."

त्या उतरल्या, वळसा घालून माझ्या बाजूला आल्या. "तू चालव. गाडी बरी आसा. आता माकाच कायतरी झालाहा." मी फोन काढला, पण नंबर लावायचं धैर्य होईना. त्यांनीच तो माझ्या हातातून घेतला. "सुहास, माका घेऊन जा रे."

सुहास आला. गाडी विकायचं त्याने नाव काढलं नाही. काकींना शेजारी बसवून तो अँबॅसिडरच घेऊन मुंबईला निघाला. त्याला त्या गाडीची सवय नव्हती. वाडीच्या वळणापर्यंत काकींचा आवाज ऐकू येत होता, "आता गिअर बदल... हळू, हळू."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांचा फोन आला. "आमी पोचलाव रे," त्या म्हणाल्या. मग काळजीने विचारलं, "तू पोचलंस मा बरो?"

मी काउंटरमागे उभा होतो, कुठेच गेलो नव्हतो.

"होय काकी," मी म्हटलं, "पोचलंय."