गाठ बाईची, उपास सगळ्यांचे

मंडळी, आज सकाळी आमच्या बाईचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं, ऑपरेशन व्हायचं होतं. छातीत कर्करोगाची गाठ आहे. प्रकाशा गावाहून बैलगाडी, मग आगगाडी करत तिला नवापूरच्या दवाखान्यात आणलं होतं.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि ऑपरेशन रद्द केलं. "हिच्या रक्तात लोह उरलेलं नाही. आज कापली तर टेबलावरच जाईल. खाते काय ही?"

खाते? गाठ कळल्यापासून घरातल्या प्रत्येकाने एकेका देवाला नवस बोलून उपास तिच्या अंगावर टाकलेत. सोमवार सासूचा, मंगळवार दिराचा, शनिवार माझा. नवस आमचे, पोट तिचं.

बाईची सासू पुटपुटली, "रंगतमा लोखंड? तिना काय इळा करना शे?"

रक्तातल्या लोखंडाचा विळा करायच्या त्या बोलण्यावर कोणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "डाळ, भाकरी, पालेभाजी, अंडी द्या. रक्त भरलं की कापू. पण तोवर गाठ काही उपाशी बसणार नाही. ती वाढेलच."

ताट आलं, तरी बाई हात लावेना. उपास मोडला तर देव कोपेल, ही धास्ती. शेवटी सासूनेच उपास स्वतःवर घेत डाळीत भाकरी कुस्करली. "देवले मी सांगसू. उपास आते मन्हा. तू खाय."

बाईने घास घेतला आणि मला हळूच विचारलं, "भाऊ, उशीर तं नई व्हयना ना?"

मी ताट तिच्या आणखी जवळ सरकवलं. तुमच्याकडे कोणी आजारी असेल, तर त्याच्यासाठीचे उपास नेमकं कोण करतंय, एवढं आज घरात विचाराल का?