दारूची गाडी आणि माझं लग्न

माझं लग्न झालं त्याच कार्तिकात छत्तीसगड नावाचं नवीन राज्य झालं. पेपरात मोठमोठ्या बातम्या होत्या, तिकडे लोक नाचत होते म्हणे. नाचू देत बापडे. पण त्या राज्याचं नाव निघालं की माझं डोकं आजही फिरतं, आणि का फिरतं तेच सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, दिंडोरी रस्त्यावरच्या एका दारूच्या कारखान्याची गाडी चालवायचे. गळ्यात तुळशीची माळ. दारूचं सोडा, आमच्या घरात कधी अंडं आलं नाही. भाऊबंद चेष्टा करायचे, गळ्यात माळ नि गाडीत माल. पण मालकाने त्यांना ठेवलं होतं ते त्या माळेमुळेच. बाकीच्या ड्रायव्हरांच्या गाडीत दर खेपेला दोन-चार बाटल्या 'फुटायच्या'. नानांची गाडी कितीही खड्ड्यांतून गेली तरी बाटली फुटायची नाही.

दारू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची म्हणजे कागदांचा नुसता पसारा. माल जिथे जायचा त्या राज्याचं परमिट आधी यायचं, मग आपल्याकडचा पास निघायचा. पासवर गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, कोणत्या रस्त्याने जायचं, किती दिवसांत पोचायचं, सगळं लिहिलेलं. मागच्या दाराला सील. वाट जरा वाकडी केली तरी केस. आणि गंमत बघा, इथल्याच पाण्यावर बनलेली दारू, कागदावर मात्र 'विदेशी'.

तुळशीचं लग्न लागलं की लगेचच्या मुहूर्ताला माझं लग्न धरलं होतं. स्थळ देवळ्याचं, कांद्याच्या व्यापाऱ्यांचं. भाऊबीज झाली आणि मालकाने रायपूरची खेप सांगितली. आई नको नको म्हणत होती. नाना म्हणाले, आठवड्यात जाऊन येतो, मांडव घालायला मीच असेन. क्लीनर दिवाळीला गावी गेलेला, म्हणून एकटेच निघाले.

परमिट होतं मध्य प्रदेशाचं. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशातच होतं ना! पण नाना नागपूर ओलांडून पुढच्या नाक्यावर पोचले आणि त्याच दिवशी तिथे नवीन राज्य झालेलं. नाक्यावरच्या माणसाने कागद उलटापालटा करून पाहिला आणि सांगितलं, हे त्या राज्याचं परमिट, इथे आता ते राज्य नाही. नवीन आणा. आता नवीन आणायचं कुठून? जुन्या कार्यालयात म्हणायचे, रायपूर आता आमच्याकडे येत नाही. नव्यात म्हणायचे, आमचा शिक्काच अजून यायचाय. कारखान्याचा माणूस दोन्हीकडे फोन लावून थकला. ना माहेरची ना सासरची अशी त्या गाडीची गत झाली होती.

पहिल्यांदा आम्हाला हसूच आलं. नाना निघाले तेव्हा राज्य एक होतं, पोचले तेव्हा दोन झाली, म्हणून काका सगळ्यांना सांगत सुटले. मग घरात पाहुणे यायला लागले आणि हसू मावळलं. शेजारच्या किराणा दुकानात नानांचा फोन यायचा, अजून काही नाही एवढंच सांगायचे. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणून काका कारखान्यात भांडून आले. पण पासवर नाव नानांचं होतं. ते बदलायचं तरी त्याच शिक्क्याची वाट बघायची होती.

हळदीच्या आदल्या दिवशी फोन मी घेतला. म्हटलं, खड्ड्यात गेली ती दारू, गाडी तिथेच सोडा आणि मिळेल त्या एसटीने या. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती, मला कुणाची पर्वा नव्हती.

"सोडून आलो तर गाडी रिकामी व्हईल," नाना म्हणाले. "मंग माळ घालून चोरी केली म्हणतील. पोरी, मुहूर्त नका मोडू. तुला बोल लागंल."

मी पुढे काही बोलणार तोवर फोन कट झाला.

कन्यादानाला जोडपं लागतं. नाना नाहीत म्हणून आईलाही बसता येईना. काका-काकू बसले. आईने सगळी तयारी आपल्या हाताने करून दिली आणि मग लांब जाऊन, पंगतीचं बघतेय असं दाखवत पाठमोरी उभी राहिली. काका देवमाणूस, त्यांना मी काय बोलू? पण सगळा वेळ मी मंगल कार्यालयाच्या दाराकडे बघत होते. पंगतीत एक बाई बोललीच, बापाला दारूपायी पोरीच्या लग्नाला येणं झालं नाही. माझ्या माळकरी बापाबद्दल हे बोलणं! त्या बाईशी मी पुन्हा कधी बोलले नाही.

सासरी सत्यनारायण झाला. मग एका दुपारी देवळ्यात आमच्या दारापुढे नानांची गाडी येऊन थांबली. शिक्का आला होता, माल उतरला होता, आणि नाना आपल्या घरी न जाता मालेगावहून तडक माझ्याकडे आले होते. रिकाम्या गाडीला परमिट लागत नाही, वाट वाकडी केली तरी चालते.

दाढी वाढलेली, सदरा मळून गेलेला, ओठ सुकलेले. सासूबाईंनी मला पाणी आण म्हणून खुणावलं आणि लगेच स्वतःच जीभ चावली. आमच्याकडे रीत आहे, लेक दिली की तिच्या घरचं पाणीसुद्धा बाप घेत नाही, नातवंड होईपर्यंत. त्या म्हणाल्या, शेजारून आणवते. नानांनी हातानेच नको म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कन्यादान म्या कुठं केलंय?" ते म्हणाले. "तवर तू माझीच हाय. आण पाणी."

मी तांब्या भरून आणला. ओट्यावर बसून ते सावकाश प्यायले. नवी नवरी म्हणून मुलाहिजा ठेवायचा असतो, पण मी सगळ्यांदेखत हमसून हमसून रडत होते. सासरे उठून कांदे साठवायच्या चाळीकडे निघून गेले. तांब्यात थोडं पाणी उरलं तेव्हा नानांनी जावयाला बोलावलं. त्याचा तळवा माझ्या तळव्याखाली धरला आणि मांडवात बापाने सोडायचं असतं ते पाणी माझ्या हातावरून त्याच्या हातावर सोडलं. ना भटजी, ना मंत्र. पाणी ओट्यावरून खाली ओघळत गेलं.

"आता दिली," एवढं म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

आम्हाला मूल झालं नाही. दवाखाने झाले, देव झाले. नाना पुढे पुष्कळ वर्षं माझ्याकडे येत राहिले. आले की गाडीतलं पाण्याचं कॅन उचलून आणायचे आणि ओट्यावर स्वतःशेजारी ठेवायचे. मी भांडायची, रीत कसली घेऊन बसलात म्हणायची, चहाचा कप पुढे करायची. ते कॅनचं झाकण लावत म्हणायचे, "प्यालो नव्हतो का एकदा?"