दोन भोकांचं होल्स्टर

ऑर्लीन स्टॅकरच्या दुकानात बाई शिरली की ऑर्लीन तिचं तोंड बघायची नाही, कंबर बघायची. मग म्हणायची, "बस."

"बसायला नाही आले ऑर्लीनबाई. पिस्तुलाला होल्स्टर बघायला आलेय."

"म्हणून तर बस म्हंते. हुब्यानं समदीच होल्स्टरं ग्वाड लागत्यात. बसल्यावर मूठ कुटं टोचतीया ते सांग."

आमचं पाइनी फोर्क ओझार्कच्या डोंगरात आहे, अमेरिकेतल्या आर्कान्सात. ऑर्लीनचा बाप खोगिरं शिवायचा. घोडे गेले, ट्रक आले, बापही गेला. आरी, रापी, मेणाचा दोरा आणि भिंतीत मुरलेला चामड्याचा वास तेवढा मागे राहिला. भिंतीच्या अलीकडे माझं दुकान, कपडे घट्ट-सैल करून द्यायचं. गावातल्या बायकांच्या कमरा आम्हा दोघींनाच ठाऊक, आणि त्याबद्दल आम्ही दोघीही कुठे अवाक्षर काढत नसू.

आमच्याकडे बाईजवळ पिस्तूल असण्यात नवल नाही. बापाचं असतं, नवऱ्याने दिलेलं असतं, एखादीला लग्नातही येतं. पंचाईत असते ती ते ठेवायचं कुठे याची. बंदुकांच्या दुकानात जावं तर काउंटरमागचा बाप्या पुरुषांचंच होल्स्टर, म्हणजे पट्ट्यात अडकवायचं पिस्तुलाचं म्यान, पुढे करतो, फार तर गुलाबी रंगाचं. पुरुषाची कंबर सरळसोट, तिच्यावर जाड पट्टा. बाईची कंबर वर आणि खाली कुल्ला बाहेर आलेला. तेच होल्स्टर तिला लावलं की नळी बाहेर ढकलली जाते नि मूठ जाऊन बरगडीत घुसते. आठ दिवस बाई सोसते, नवव्या दिवशी पिस्तूल पर्समध्ये टाकते. ती पर्स मग सामानाच्या गाड्यात राहते, बाई असते टोमॅटो निवडत.

ऑर्लीनला पर्सचा भारी राग. "पर्स म्हंजी काय सांगू, बाईच्या अंगावर कमी आन् खुर्चीवर जास्त. पोरं हुडकत्यात तिच्यात गोळ्या-चॉकलेटं." तरी कुणी हट्टच धरला तर ती खांद्यावरून आडवी घालायची पर्स बनवून द्यायची, पिस्तुलाचा कप्पा वेगळा, आत दुसरं काही ठेवायचं नाही. लिपस्टिकसुद्धा नाही.

हे सगळं सुरू झालं ते जोनेलपायी.

जोनेल गावात केस कापायची. ती आणि ऑर्लीन पहिलीपासून एका बाकावरच्या. जोनेलचा नवरा माथेफिरू. वेगळी झाल्यावर कोर्टाने त्याला लांब राहायचा हुकूम दिला, जोनेलने पिस्तूल घेतलं, आणि ते टोचतं म्हणून गाडीच्या खणात ठेवलं. एका दुपारी पेट्रोल पंपावर ती खाली उतरलेली, आणि तो येऊन उभा राहिला, बरोबर तिच्या आणि गाडीच्या मधे. पाच मिनिटं नुसता हसत उभा होता. लाकडाचा ट्रक पंपावर वळला तेव्हा गेला. जोनेल तिथून थेट ऑर्लीनकडे आली आणि रडण्याऐवजी शिव्या देत सुटली.

ऑर्लीनने खाकी कागद घेतला, तिला बसवलं, उठवलं, वाकवलं, कमरेची रेघ कागदावर उतरवली. होल्स्टर दोन बोटं खाली घेतलं आणि पट्टा नि होल्स्टर यांच्यामध्ये वरच्या अंगाला चामड्याची पाचर शिवली. मूठ बरगडीपासून सुटी झाली.

"एक हप्ता घालून बग," ती म्हणाली. "आन् कवा कुटं टोचलं ते लिव्ह."

जोनेलने लिहिलं. ती चिठ्ठी मी पाहिली आहे. सोमवार: बेसिनपाशी केस धुताना टोचलं. बुधवार: लावलंय हे विसरले. शुक्रवार: पंपावर उतरले, पेट्रोल भरलं.

तेव्हापासून ऑर्लीनची रीत पडली. पहिल्या दिवशी विकायचं नाही म्हणजे नाही. तिच्या खुंटीवर सरावाची नऊ होल्स्टरं टांगलेली असायची. त्यातलं एक आणि निळ्या प्लास्टिकचं भरीव खोटं पिस्तूल बाईने घरी न्यायचं, आठ दिवस घालायचं, त्यातच स्वयंपाक, त्यातच गाडी, त्यातच संडास, आणि चिठ्ठी लिहून आणायची. मग तिच्या कमरेचं खरं होल्स्टर शिवायला घ्यायचं. खाकी कागद नि चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात. सगळ्यात तळाशी जोनेलची.

सरावाची होल्स्टरं मुद्दाम मऊ असायची, कुणाच्याही अंगाला वळावीत म्हणून. खऱ्या होल्स्टरात ऑर्लीन चापावर एक टणक पान घालायची, चामड्याच्या दोन थरांत शिवलेलं, म्हणजे बाहेरून कितीही दाब आला तरी तो चापापर्यंत पोचू नये. खोट्या पिस्तुलाच्या त्या निळ्या ठोकळ्याचा चापच हलत नाही, तिथे पान कशाला? पण चुकून सरावाचं एखादं विकलं जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाशी ती शेजारी शेजारी दोन भोकं पाडून ठेवायची. विकायच्या मालावर भोकं नाहीत, आतल्या बाजूला बापाचा ठसा, ओकचं फळ.

ऑर्लीनला चार माणसांत बोलायचं म्हणजे घाम फुटे. चर्चच्या हॉलमध्ये बायकांचे वर्ग जोनेलच घ्यायची, आणि काय घ्यायची! "बायांनो, मांडीला बांधायचा पट्टा झग्याखाली झकास दिसतो, पण नाचायला जाल तर घोट्यावर येईल. आणि इलास्टिकचा पोटपट्टा वर्षाने आजीच्या मोज्यासारखा होतो, तेव्हा बदला." हॉल हसून लोळायचा. मागे ऑर्लीन हात पुसत उभी. शेवटी ती एकच वाक्य बोलायची, "पिस्तूल परत घालताना होल्स्टर कमरंचं काढा, बगून घाला, मग लावा." अकरा वर्षं असं चाललं.

मार्चमध्ये जोनेल सरावाची दोन होल्स्टरं घेऊन गेली, शेजारच्या जिल्ह्यात वर्ग आहे म्हणून. परत आणली नाहीत. मी एकदा विचारलं, तर ऑर्लीन म्हणाली, "जोनेलकडं हायेत म्हंजी माज्याकडंच की."

ऑक्टोबरात नेमबाजी क्लबात बायकांचा शनिवार भरतो. दरवर्षी आमचं टेबल दाराजवळ असतं. या वर्षी संडासाशेजारी. दाराजवळ मोठा फलक होता, त्यावर जोनेलचं तोंड, दात पांढरे केलेले, आणि खाली तिच्याच नावाची होल्स्टरं, शहरातल्या कुठल्याशा कंपनीने काढलेली. निळसर, जांभळी, तपकिरी. बायकांची ही झुंबड.

ऑर्लीन हातातला खोका खाली न ठेवताच तिकडे गेली. मी मागोमाग. तिने एक होल्स्टर उचललं. पाचर तिची. दोन बोटांचा उतार तिचा. बाकदार शिवणही तिची. मग तिने तोंडाशी बघितलं. तिथे शेजारी शेजारी दोन भोकं, त्यांत चकचकीत पितळी कड्या बसवलेल्या.

"गोड आहेत ना?" शेजारची एक तरुण बाई म्हणाली. "मी त्या कड्यांसाठीच घेतलं."

ऑर्लीनने अंगठा चापाच्या जागी दाबला. चामडं आत गेलं. तिचा चेहरा मी तीस वर्षं बघतेय, पण तसा कधी पाहिला नव्हता. बाप गेला तेव्हाही नाही.

"जोनेल," ती म्हणाली, "तू सरावाचं दिलंस त्यांना."

जोनेल टेबलाला वळसा घालून आली, हसू तसंच ठेवून, आवाज तेवढा खाली. "ऑर्ली, इथे तमाशा नको. मी सांगणारच होते."

"कवा?"

"कधी कागद केला होतास का तू? नाव नोंदवलं होतंस? अकरा वर्षं घसा मी कोरडा केला, तू मागे उभी राहून चामडं कुरवाळत होतीस. विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"न्हाई."

"मग?"

"इचारायचं तरी हुतंस." ऑर्लीनने होल्स्टर तिच्यापुढे धरलं. "ते ऱ्हाऊ दे. ते आपल्या दोघींतलं. ह्यात चापावर पान न्हाई. हे निळ्या ठोकळ्याचं हाय जोनेल. बाया ह्यात भरल्यालं घालतील."

जोनेल मोठ्याने हसली, आसपासच्यांना ऐकू जाईल इतकं. "आता माझा माल खोटा! बरोबर आहे, बाई. जळतं तेव्हा वास येतोच."

ऑर्लीनने वाद घातला नाही. तिला येतच नाही. तिने विल्डाला हाक मारली. विल्डा क्लबात नेमबाजी शिकवते, पूर्वी पोलिसात होती, तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. "इल्डा, तुजं पिस्तूल रिकामं करून दे. दोनदा बग."

विल्डाने रिकामं केलं, दोनदा बघितलं, शेजारी उभ्या बाईलाही बघायला लावलं. मग भिंतीकडे तोंड करून ते निळसर होल्स्टरात सरकवलं. ऑर्लीनने गाडीचा पट्टा अडकवायचं लोखंडी टोक खिशातून काढलं, आमच्या दुकानात असल्या वस्तू सतत पडलेल्या असतात, आणि ते चामड्यावर टेकवून दाबलं. गाडीत बसताना बाई दाबते तेवढंच.

टक्.

चाप ओढला गेल्याचा एवढासा आवाज. पण त्या हॉलमध्ये तो ओळखत नाही अशी बाई नव्हती.

कुणीतरी म्हणालं, "अगं आई."

जोनेलच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. क्षणभर मला वाटलं, आता ही ऑर्लीनचा हात धरेल. तिने फलकाकडे बघितलं, मग होल्स्टर विल्डाच्या हातून घेऊन टेबलावर नीट ठेवलं, कड्या वर येतील असं. "मुद्दाम इतकं कोण दाबतं," ती म्हणाली. "पुढे कोण? या, या, जांभळं अजून आहे."

काही बायका मागे सरकल्या. काही पुढे गेल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं. जोनेल त्यांना अकरा वर्षं हसवत आलेली. ऑर्लीनने त्यांना नुसतं बस म्हटलेलं.

परत येताना गाडीत ऑर्लीन दहा मैल खोका मांडीवर धरून बसली. मग म्हणाली, "भोकं मी तिच्याम्होरंच पाडली गं नेडा. ती स्टुलावर बसून शेंगा खात हुती. कशाला पाडतीस, म्हणली. मी सांगितलं. अकरा वर्षांत चार येळा तरी सांगितलं आसंल."

"विसरली असेल."

"ऐकलंच नसंल," ऑर्लीन म्हणाली. "तवा बी न्हाई."

सोमवारी तिने दुकानाच्या काचेवर पुठ्ठा लावला: दोन कड्यांचं होल्स्टर आणा, पान घालून देईन. पिस्तूल घरी ठेवा. पैसे नाहीत. मी म्हटलं, "तू वेडी आहेस. तिच्या नावाचा माल तू दुरुस्त करणार?"

"गोळी लागंल ती बायांच्या मांडीला. मांडीवर तिचं नाव हाय व्हय?"

बायका आल्या. आधी एक, मग आठवड्याला पाच-सहा, लाजत, खाली बघत. ती तरुण बाईही आली, कड्या आवडलेली. तिच्या मांडीवर वर्षाचं पोर होतं आणि ते पाय झाडत होतं, बरोबर त्याच जागी. ऑर्लीनने शिवण उसवली, पान सरकवलं, पुन्हा शिवली. आपला ठसा मात्र एकावरही मारला नाही. कंपनीने म्हणे पुढची खेप सुधारली. मी बाजारात जाऊन बघितली. कड्या काढल्या होत्या. बाकी तसंच.

डिसेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जेवणावळींनंतर सैल करायच्या तुमानींचा ढीग माझ्यापुढे असताना, भिंतीपलीकडून जोनेलचा आवाज आला. मी सुई खोचून गेले.

तिने काउंटरवर एक जांभळं होल्स्टर ठेवलं होतं. वापरलेलं. तिचं स्वतःचं.

"पिस्तूल घरी ठिवलंस न्हवं?" ऑर्लीनने विचारलं, सगळ्यांना विचारते तसं.

"हो."

ऑर्लीन कामाला लागली. आरी, दोरा, पान. वीस मिनिटं लागतात. जोनेल उभी होती. स्टूल रिकामं होतं, पण ऑर्लीनने बस म्हटलं नाही, आणि जोनेलही आपणहून बसली नाही.

"त्यांना मी सांगितलं होतं," जोनेल शेवटी म्हणाली. "पानाचं. जाड दिसतं म्हणाले. बायकांना बारीक हवं असतं म्हणाले."

"आन् तू काय म्हणलीस?"

जोनेलने काउंटरवरचे दोऱ्याचे तुकडे बोटाने गोळा केले.

दोरा तोडून ऑर्लीनने होल्स्टर तिच्यापुढे सरकवलं. जोनेलने ते उलटून आत बघितलं, ठशाच्या जागी. तिथे कोरं चामडं. मग ऑर्लीन फळीवरून पत्र्याचा डबा घेऊन आली, हात तळाशी घातला आणि खाकी कागद बाहेर काढला. त्याला टाचलेली चिठ्ठी पिवळी पडली होती.

"हे तुजं," ती म्हणाली. "घिऊन जा. माज्या डब्यात नगं."

"ऑर्ली, पंपावरचं आहे यात."

"म्हणूनच."

जोनेलने कागद घडी केला, पर्समध्ये टाकला, होल्स्टरही त्याच पर्समध्ये टाकलं आणि गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं.

ऑर्लीनने खुंटीवरची उरलेली सात सरावाची होल्स्टरं उतरवली आणि एकेक करून रापीने उभी चिरली. आता बायका आठ दिवसांसाठी नेतात ती नवी आहेत, निळ्या ठोकळ्यासाठीच, पण चापावर टणक पान घातलेली. ती अंगाला वळत नाहीत. परवाच एका चिठ्ठीत मी वाचलं: सोमवार टोचलं, मंगळवार टोचलं, बुधवार टोचलं.

मी म्हटलं, "ऑर्लीन, सरावाची पुन्हा मऊ कर ना. बायका वैतागतात."

"टोचू दे," ती म्हणाली, आणि दोऱ्याला मेण लावायला घेतलं.