देसाच्या भाकरीतला डॉलर

मला लिहायची सवय नाही. पण देसा बुलाटोविचवर कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून धीर करतो.

देसा आमच्या ब्यूट या खाणींच्या गावात खाणावळ चालवायची. मटण-बटाट्याच्या तिच्या करंज्या खाणकामगार डब्यात नेत. जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या आमच्या मंडळात ती एकटीच बाई, आणि आवाज सगळ्यांत मोठा.

त्या काळी नाण्याच्या प्रतीवरून रोज भांडणं व्हायची. विकताना जे नाणं 'अगदी कोरं', तेच घेताना 'बरंच झिजलेलं'. मग बाहेरगावच्या कंपन्या निघाल्या. नाणं पाठवायचं, ते तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होऊन यायचं. आमच्या गॉर्डन ट्रेगास्किसला हे फार पटलं. तो नाण्यांचा व्यापारी, दोनदा फसलेला. त्याने ठराव करून घेतला: वसंतातल्या प्रदर्शनात फक्त सीलबंद नाणी.

देसाने वडिलांचा चांदीचा डॉलर पाठवला. त्यावर जांभळा, सोनेरी, मोरपिशी रंग चढला होता. डॉलर सील न होता साध्या पिशवीत परत आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: रंग कृत्रिम.

"देसा," गॉर्डन बैठकीत म्हणाला, "हे कुणीतरी भट्टीत भाजलंय. ठग असंच करतात."

"कुणीतरी कशाला? मीच भाजलंय. दर वर्षी!"



"घ्या, कबूलही केलं!" गॉर्डन म्हणाला. "अशा माणसाचं नाव मंडळात कसं ठेवायचं?"

देसाचा चेहरा लाल झाला. "नाव काढायचंय? काढ. पण आधी आमच्या नाताळाला सगळे माझ्याकडे या. सात जानेवारीला. उपाशीपोटी या."

सर्बियन लोकांचा नाताळ उशिरा येतो. आम्ही गेलो तेव्हा टेबलावर पावासारखी फुगलेली मोठी गोल भाकरी होती, अजून वाफाळत.

"डॉलर आत आहे," देसा म्हणाली. "बाबा होते तेव्हापासून हाच. सगळ्यांनी मिळून तोडायची. ज्याला सापडेल त्याचं वर्ष चांगलं. मग त्याने मोल सांगायचं आणि घरधनिणीने ते देऊन नाणं सोडवायचं. मोल कमी सांगितलं तर नशीबही तेवढंच."

सगळ्यांनी भाकरीला हात घातले. माझ्या वाट्याला नुसता पापुद्रा आला. इतक्यात गॉर्डन ओरडला, "दात!"

त्याने तोंडातून डॉलर काढला. देसा हसत सुटली. "बोल रे बाबा, मोल सांग! बनावट आहे ना? मग फुकट दे!"

आता, गॉर्डन पत्ते खेळताना नशीब साथ देईल म्हणून टोपी उलटी घालणारा माणूस. नशिबाशी त्याने कधी थट्टा केली नव्हती. त्याने भिंग काढलं, कणीक पुसली, खिडकीपाशी गेला. बराच वेळ पाहत राहिला.

"कंपनीने लिहिलं ते खरंच आहे," तो शेवटी म्हणाला. "हा रंग भट्टीचाच. पण त्यांना भाकरी कुठून दिसणार?"

"मोल सांग, भाषण नको!"

"याचं मोल मला करता येत नाही, देसा. हे माझ्या दुकानातल्या काचेखाली बसणारं नाणं नाही." त्याने टोपी काढली. "ठग म्हणालो, ते मी गिळतो. भाकरीबरोबरच."

"लोणी लाव, लवकर उतरेल," देसा म्हणाली, आणि सगळं घर हसलं.

तिथेच, उष्ट्या ताटांवर ठराव बदलला: सील असो वा नसो, नाण्याचं जे झालं ते मालकाने खरं लिहावं. हात वर करणाऱ्यांत गॉर्डन पहिला.

वसंतात सीलबंद डब्यांच्या रांगा होत्या, पण गर्दी एकाच काचेपुढे होती. खाली गॉर्डनच्या अक्षरात चिठ्ठी: 'देसा बुलाटोविच यांनी दर नाताळात भाकरीत भाजलेला डॉलर. सील नाही. विकायचा नाही.' पहिलं बक्षीस त्या डॉलरलाच मिळालं. देसाने ते उंच धरलं आणि खाणावळीत असल्यासारखी ओरडली, "कोण म्हणालं होतं करपलंय?"

पुढच्या सात जानेवारीला तिच्या दारात सगळ्यांच्या आधी गॉर्डन उभा होता. टोपी उलटी घालून.