सरदारांच्या बग्गीचा वेग

भालचंद्र मुळे मास्तरांना चहावरची साय सोडली तर जगात कशाचीच किळस नव्हती. पुढे ती एका तक्त्याची यायला लागली.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका खाजगी शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवत. संस्थानी काळ होता आणि मास्तर बरीच वर्षं हंगामीच होते. बक्षीससमारंभाला शाळेचे अध्यक्ष सरदार जयसिंहराव येणार होते, आणि त्याच दिवशी मास्तरांना कायम करायचं घाटत होतं.

प्रदर्शनासाठी मास्तरांनी तक्ता काढला. उदाहरणाला सरदारांचीच बग्गी घेतली. मुलांना ती रोज दिसे हे एक कारण. थोडी खुशामत हे दुसरं. बग्गी माधवगंजातून निघते, सरळ रस्त्याने पडाव नावाच्या वस्तीला जाते, थांबते, परत येते. वरच्या आलेखात स्थान: रेघ चढते, आडवी होते, उतरते. मधल्यात वेग: जाताना शून्याच्या रेघेच्या वर, येताना दिशा उलटी म्हणून रेघेखाली. शेवटच्यात त्वरण: घोडे सुटताना वर, लगाम खेचताना खाली, परतीला नेमकं उलट.

हेडमास्तर बळवंतराव तक्ता बघायला आले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मास्तर, सरदारांची सवारी शून्याच्या खाली?"

"परत येताहेत ना, साहेब. दिशा उलटी."

"दरबारात कुणाची बैठक किती बोटं वर, यावरून इथे पिढ्यान्‌पिढ्या तंटे चाललेत. आणि तुम्ही त्यांना थेट भुयारात घातलंत."

"मग टांगा दाखवतो. टांगेवाला काही बोलणार नाही."

"आता कसा दाखवता? आपली बग्गी तक्त्यावर आहे, असं मी सरदारांना सांगून बसलोय."

"मग त्यांना परत आणू नको?"

"आणा की. पण मानाने आणा. वरून आणा."

घरी पत्नी शरयूबाईंनी ऐकून घेतलं. "एक रेघ तर आहे," त्या म्हणाल्या. "कायम व्हा, मग वर्गात हवी तेवढी खाली काढा."

मास्तरांनी परतीचा वेग वर काढला. मग त्वरणही फिरवावं लागलं. एकाच कागदावर बग्गी वरच्या आलेखात घरी येत होती आणि मधल्यात पडावाच्याही पुढे धावत होती. शाई वाळेपर्यंत त्यांना उमासे येत राहिले.

समारंभात सरदारांनी काठीचं टोक रेघेवरून फिरवलं. "आमचे घोडे कुठे अडखळले नाहीत, छान," म्हणाले. मास्तर कायम झाले. तक्त्याला सरदारांच्या खर्चाने काच बसली आणि तो मास्तरांच्याच वर्गात टांगला गेला.

काही दिवसांनी मास्तरांनी सरळ वर फेकलेल्या चेंडूच्या वेगाचा आलेख मागितला. साऱ्या वर्गाने पडत्या चेंडूचा वेगही रेघेच्या वरच काढला.

"चेंडू खाली येतोय ना रे? दिशा उलटली ना?"

"बग्गी पण तर वापस येते, मास्साब," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "तक्त्यावर ती वरच आहे." वर्ग हसला.

मास्तरांनी खडू उचलला. तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला. बळवंतराव उभे होते, नजर काचेवर.

मास्तरांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. ते त्यांनी गिळलं.

"बरोबर आहे तुमचं," ते मुलांना म्हणाले, आणि एकेक वही ओढून बरोबरच्या खुणा करत सुटले. बळवंतराव समाधानाने पुढे गेले.